आसरांच्या नावाची पाणकणसं

करंजवाडीत एखादं पोर रडायचं थांबेना झालं की आया म्हणायच्या, "गप बस, न्हाई तर भागुबाईला हाक मारीन." पोर गप बसायचं. मोठी माणसंही बसायची. काळी, काटकुळी, कपाळावर गोंदण, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही अशी बाई. जंगलखात्याच्या गार्डानं एकदा तिच्या मोळीला हात घातला, तर त्याच मोळीतलं लाकूड ओढून तिनं त्याला ओढ्यापर्यंत पिटाळला होता. लोणावळ्याच्या बाजारात करवंदांची पाटी घेऊन बसली की मुंबईची गिऱ्हाइकं भाव करायला घाबरत. नवरा बहिरू जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "आमच्या चुलीला काडी लागत न्हाई, भागू नुसती फुकली तरी पेटती."

पण तिच्या रागाला मूळ होतं, आणि ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पाणी.

लग्न होऊन वाडीत आली त्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. वाडीखालच्या ओढ्यातला डोह तळाला गेला आणि सासूनं नव्या सुनेच्या डोक्यावर हंडा देऊन तिला खालच्या गावच्या विहिरीवर धाडली. त्या विहिरीचा रिवाज असा की वाडीच्या माणसानं दोराला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं. गावातल्या कुणा बाईला दया आलीच तर ती आपला पोहरा वरून ओतणार. भागुबाई ऊन माथ्यावर येईतोवर उभी राहिली. शेवटी एकीनं ओतलं. निम्मं हंड्यात, निम्मं हिच्या पायांवर. आणि वर म्हणाली, "सरक तिकडं, शिंतोडे उडतात." भागुबाईनं हंडा तिथंच उपडा केला आणि कोरडा घेऊन घरी आली. सासूनं चोप दिला. तो तिनं खाल्ला, पण त्या विहिरीवर परत पाऊल टाकलं नाही, आणि आपल्या घरातली बाई तिथं कधी हात पसरून उभी राहणार नाही असं मनाशी ठरवलं. पुढं दर उन्हाळ्यात डोहातला गाळ वाडीकडून उपसून घ्यायची ती हीच. शिव्या देऊन घ्यायची, पण घ्यायची. डोह पुन्हा कधी आटला नाही.

आणि मग साठ सालाच्या पुढंमागं, वर लोणावळ्याच्या अंगाला, ते 'होम' आलं.

मुंबईच्या कुणा शेटनं हवापालटाच्या पाहुण्यांसाठी बांधलं होतं. खोल्या, मोठं स्वयंपाकघर, कपडे धुवायचा चौथरा, मागं दुधाच्या म्हशींचा गोठा. पाहुण्यांचं खरकटं, साबण, गोठ्यातलं शेण-मूत, संडासाच्या टाकीतून पाझरणारं पाणी, सगळं एका गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून डोहात. डोंगराची हवा खायची यांनी, आणि यांचं उष्टं प्यायचं डोंगराखालच्यांनी! बरा न्याय होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात डोहावर हिरवी साय धरली, पाण्याला घाण मारायला लागली, आणि एका सकाळी मासे पोट वर करून काठाला लागले.

भागुबाईनं तेच पाणी हंड्यात भरलं, तो डोक्यावर घेऊन सगळा चढ चढली, आणि होमच्या ऑफिसात शिरून मॅनेजरच्या टेबलावर आदळला. मॅनेजर त्र्यंबकराव तळेगावचे. सरळ माणूस, पण घाबरट. कागद भिजू नयेत म्हणून त्यांनी ते आधी छातीशी धरले.

"हे काय, बाई?"

"पानी. प्या."

"अहो, पण..."

"घोटभर प्या. तुमचंच हाय की. आमी रोज पितो, तुमी येक दिस प्या!"

त्र्यंबकरावांनी वासानंच तोंड फिरवलं. शेटना कळवतो म्हणाले, आणि खरंच कळवलं. शेटचा निरोप आला की ओढा सरकारचा आहे, आपल्याला काय त्याचं. हे ऐकल्यावर भागुबाईनं होमच्या पायऱ्यांवर बसून शेटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. व्हरांड्यातले पाहुणे चहाचे कप घेऊन आत पळाले. त्र्यंबकराव हात जोडून बाहेर आले, तेव्हा तिनं दम खाल्ला आणि विचारलं,

"तुमच्या तळेगावच्या घरी मोरीचं पानी कुटं जातं?"

"परसात. अळवात आणि कर्दळीत."

"आन् तितनं फुडं?"

"पुढं कुठं जाणार? अळूच पितं सगळं."

"मंग ह्या होमला अळू लावाय काय धाड भरली?"

त्या दिवसांत होमात पाणीपुरवठा खात्यातले एक वयस्कर इंजिनीअर उतरले होते. त्र्यंबकरावांनी भीतभीत त्यांच्या कानावर हे घातलं. ते म्हणाले, बाईचं म्हणणं वेडगळ नाही, फक्त एवढ्या पाण्याला अळू पुरायचं नाही, तळ्याकाठी लांब पात्यांचं उंच गवत वाढतं ते पाणकणीस लावा. त्या घाणीत असतं ते खतच. ते डोहात गेलं तर शेवाळ त्यावर माजतं. वाटेत पाणकणसानं खाऊन टाकलं तर शेवाळ उपाशी मरतं. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. दर वर्षी पाऊस सरला की पाणकणीस कापून बाहेर न्यायचं. ते जाग्यावर कुजलं तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात ओकणार. त्र्यंबकरावांनी हे जसंच्या तसं भागुबाईला सांगितलं.

"व्हय व्हय, कापू की," म्हणत ती उठलीसुद्धा. तिच्या डोक्यात खाचरं सुरू झाली होती.

होमच्या कुंपणाखाली शेटचीच भाताची पडीक खाचरं होती, एकाखाली एक. त्र्यंबकरावांनी काणाडोळा केला आणि भागुबाईनं वाडी कामाला लावली. बैल घालून चिखलणी केली, म्हणजे पाणी खाली मुरून जायला नको. वर खडी पसरली. कान्हे गावाकडच्या एका तळ्यातून पाणकणसाचे गड्डे उपटून आणले आणि भात लावतात तसे हातानं लावले. बांधावर कर्दळ. तिची सून गंगी त्याच वर्षी नवी आली होती. मुलगा शिदू देहूरोडच्या डेपोत, आठवड्यानं घरी यायचा, म्हणून चिखलाच्या पाट्या गंगीच्याच डोक्यावर. पोरगी बोलायची नाही, पण काम करताना सासूच्या तोडीस तोड. गटार पहिल्या खाचरात सोडलं, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग ओढ्यात. शेवटच्या बांधावरून पाणी पडायला लागलं ते बघायला अख्खी वाडी जमली. वास नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात डोहाचा तळ दिसला. आणि भागुबाई? ती पहिली ओंजळ प्याली आणि लगेच पोरांवर ओरडली, "पाय नका घालू रं मुडद्यांनो!"

पण चांगलं चाललेलं लोकांना बघवतं होय? खालच्या गावच्या म्हशी त्या गारव्याला येऊन लोळायला लागल्या. वाडीतलेच लोक छपरासाठी हिरवं पाणकणीस उपटून न्यायला लागले, मुळासकट! होमच्या पाहुण्यांच्या बायका फुलदाणीत ठेवायला कणसं तोडायच्या. भागुबाई ओरडून ओरडून घसा फोडून घ्यायची. समोर "व्हय मावशी" म्हणायचे आणि पाठ वळली की पुन्हा तेच. एकदा ऐन चैत्रात म्हशींनी मधला बांध फोडला आणि सगळी घाण सरळ ओढ्यात गेली. भागुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणसांचं ऐकत न्हाई ना? थांबा, तुमाला दावते."

ओढ्यातून तिनं सात गोल दगड उचलले. बाजारातून शेंदूर आणला. पहाटे कुणी उठायच्या आत पहिल्या खाचराच्या बांधावर ते दगड मांडले, शेंदूर फासला, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि आसरा बसवल्या. पाण्यातल्या सात बहिणी. मावळात कुठल्याही डोहावर जा, त्या असायच्याच, आणि त्यांच्या जागेतल्या काडीलाही कुणी हात लावत नाही. त्यांच्यापुढं गार्ड काय आणि पाटील काय!

वाडीचा भगत म्हणजे तिचाच धाकटा दीर दत्तोबा. दगड कुणी मांडले ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण नारळ फुटायला लागल्यावर त्यानं तोंड शिवून घेतलं. अमावस्येला त्याच्या अंगात आलं आणि तो घुमत म्हणाला, "जो हितं विळा घालील, त्याच्या घरात पाळना हलायचा न्हाई!" बस्स. त्या दिवसापासून म्हशी आल्या नाहीत, माणसं आली नाहीत, पाहुण्यांच्या बायकासुद्धा लांबून नमस्कार करून जायला लागल्या. भागुबाई मनात म्हणाली, बरी जिरली.

पावसाळा सरला तेव्हा ती विळा घेऊन कापायला गेली. बांधावर कुणाचं तरी लुगडं वाहिलेलं होतं, दह्याभाताचा नैवेद्य होता. कुणाचा तरी ताप उतरला होता म्हणे. विळा उचलला आणि तिचा हात थांबला. उद्या कापू, म्हणत ती परतली. तो उद्या आला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. कारण असं की गंगीची कूस रिकामी होती. लग्नाला वर्षं लोटली तरी काही नाही. आणि भागुबाईनंच, त्या दगडांना आपल्या हातानं शेंदूर फासणाऱ्या भागुबाईनं, एका संध्याकाळी तिथं जाऊन पदर पसरला. "माज्या गंगीची ओटी भरा, बायांनो." आपण रचलेली गोष्ट आपल्यालाच कधी खरी वाटायला लागली, तिला कळलंच नाही. पुढं गंगीला दिवस गेले, आणि मग तर विचारायलाच नको.

तोवर खाचरांत काय झालं? जुनी पाणकणसं वाळली, आडवी पडली, त्यांच्यावर नवी उगवली, तीही पडली. सगळं तिथंच कुजलं. काळा राडा. गंगीला सातवा लागला त्या उन्हाळ्यात डोह पुन्हा हिरवा झाला, आधीपेक्षा वाईट. जनावरंही तोंड लावेनात.

भागुबाई होमवर गेली ती लांबूनच ओरडत. "सायेब! परत सोडलं का गटार? परत?" त्र्यंबकराव चप्पल घालून तिच्याबरोबर खाली आले, बांधावर उभे राहिले, आणि काठीनं तो राडा ढवळला. जो वास सुटला त्यानं दोघांनी नाकाला पदर-रुमाल लावले.

"भागुबाई, हे कधी कापलंत?"

भागुबाईनं शेंदरी दगडांकडं बघितलं.

"एकदा तरी?"

आयुष्यात पहिल्यांदा भागुबाईला शिवी सुचली नाही. शेटला द्यावी तर शेटचं काय चुकलं होतं आता? त्र्यंबकरावांना द्यावी तर त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हशींना द्यावी तर म्हशी आल्याच नव्हत्या, तिनंच येऊ दिल्या नव्हत्या. स्वतःच्या हातानं उचललेले धोंडे स्वतःच्याच पायावर पाडून घेतले होते.

ती तडक दत्तोबाकडं गेली. "भावजी, आसरा उठवा. मला कापायचंय."

दत्तोबा चिलीम ओढत होता. "मला कसं उठवता यील, वैनी? म्या थोडंच बसवल्या?"

"म्या बसवल्यात! तुमाला ठावं हाय!"

"आन् अंगात आलं त्ये?"

"त्ये ढोंग व्हतं तुमचं."

दत्तोबानं चिलीम खाली ठेवली. "पयल्या दिशी व्हतं, वैनी. आता मलाच भ्या वाटतं." असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

मग तिनं देवळापुढं वाडी गोळा केली आणि सगळं सांगून टाकलं. दगड कुठून आणले, शेंदूर कुठून आणला, का बसवल्या. ती बोलत होती आणि लोक तिच्याकडं कीव केल्यासारखे बघत होते. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "अगं येडे, तूच बसवल्यास, खरं हाय. पन तुज्या हातनं करून कुनी घेतलं? त्यांनीच ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं बोलली तेव्हा विश्वास ठेवला, आणि आता ते खोटं होतं म्हणाली तरी खोटं धरेनात! भागुबाईनं एकेकाचं नाव घेऊन शिव्या घातल्या. "मंग प्या त्ये हिरवं! प्या आन् मरा!" उत्तर एवढंच आलं की विळा घातलास तर वाळीत टाकू, आणि तुझ्या सुनेच्या पोटात काय आहे ते आठव.

तेच तर तिला आठवत होतं. दुसरं काही आठवतच नव्हतं.

दोन दिवस ती घरात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी गंगी हंडा घेऊन दारात आली. ओटीपोटाखाली हात धरलेला, तोंड उन्हानं लाल, आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. भागुबाईला विचारायची गरज पडली नाही. त्या विहिरीवरून येणाऱ्या बाईचं लुगडं कसं भिजतं ते तिला पाठ होतं.

"कुनी सांगितलं तुला जायाला? कुनी?"

"घरात पानी न्हाई," गंगी म्हणाली. हंडा उतरवला, आढ्यातला विळा काढला आणि सरळ चालायला लागली.

भागुबाई धावत तिच्या मागं. पहिल्या खाचराच्या बांधावर तिनं गंगीला गाठलं आणि तिचे पायच धरले. "नगं गं माजी बाय! पोट मोकळं हू दे आधी. मंग म्या कापते, सगळं कापते. त्या बगत्यात गं!"

गंगीनं खाली बघितलं. "आत्याबाई, येक सांगा. ह्ये दगूड तुमीच मांडलं ना? का न्हाई?"

"मांडलं."

"मंग?"

भागुबाईनं गंगीचे पाय सोडले. ती उठली. गंगीच्या हातातला विळा हिसकावून घेतला आणि शेंदरी दगडांपुढं उभी राहून अशी ओरडली की होमच्या गच्चीवर पाहुणे जमा झाले. "आयका गं सटव्यांनो! हात माजा, विळा माजा! बाधायचं आसंल तर मला बाधा! ह्या पोरीकडं डोळा वर करून बगितलं तर ओढ्यात नेऊन टाकीन येकेकीला!" आणि ती कंबरभर राड्यात उतरली. गंगीला तिनं बांधावरून हलू दिलं नाही. जळवा चिकटल्या, पात्यांनी हात कापले. वाडीतलं एक माणूस मदतीला आलं नाही. कापलेलं ओढून बाहेर न्यायलाच तिला कितीतरी दिवस लागले, आणि तेवढे दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही.

आषाढात गंगी अडली. मूल आडवं होतं, सुईण पोटाला पहिला हात लावतानाच म्हणाली होती. पावसात झोळी करून शिदू आणि दोघे जण तिला खाली रस्त्याला नेत होते, तेव्हा वाटेतच ती मोकळी झाली. मुलगा होता. रडला नाही.

मूल आडवं येतं त्यात आसरांचा काय संबंध? त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांतही मुलं गेली, तिथं कुणी पाणकणीस कापलं नव्हतं. पण हे ऐकणार कोण! करंजवाडीनं निकाल देऊन टाकला. भागुबाईनं नातू खाल्ला. तिच्या दारावरून जाताना बाया पदर सावरून जायच्या. दत्तोबानं आसरांना बोकड दिला. आणि पाऊस ओसरला तेव्हा डोह नितळ झाला होता. तळातले खडे दिसायला लागले. सगळ्यांनी हंडे भरले. ज्यांनी तिला वाळीत टाकलं, त्यांनी सगळ्यांत आधी भरले. पाणी गोड लागलं त्यांना. लाज कुणालाच वाटली नाही.

भागुबाई मात्र रागवायची थांबली. वाडीनं तिला खाल्ली म्हणा, की तिनंच स्वतःला. बाजाराला जाईना, कुणाला उत्तर देईना. गंगीनं वाढलेलं ताट पुढं आलं की मान खाली घालून जेवायची. सुनेच्या तोंडाकडं बघायचा तिला धीरच नव्हता.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी गंगी पडवीत येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत एकेक विळा.

"उठा आत्याबाई. पाणकणीस वाळाय लागलं."

भागुबाईनं वर न बघताच विचारलं, "तुला माजा राग न्हाई का गं येत?"

"येत न्हाई तर काय! लय येतो." गंगीचा आवाज चढला, इतका की शेजारची बाई दारात आली. "तुमी खोटं मांडलंत, आन् खरं सांगितलंत त्येबी पानी नासल्यावर. पाय धरून मला थांबीवलंत, तवा तुमालाबी खरं वाटत व्हतं, म्या बगितलंय. माजं पोर गेलं तवापासनं इचार करते, त्या दगडांनी न्हेलं का नुसतंच गेलं. मला अजून ठरवता येत न्हाई. त्यो राग काय म्या मरस्तवर जायचा न्हाई." तिनं एक विळा सासूच्या पुढ्यात टाकला. "पन त्या विहिरीवर म्या परत जायची न्हाई. आन् तुमी हितं बसून ऱ्हाणार आसाल तर येकटी कापीन. उठताय का?"

भागुबाईला आजवर कुणी असं ओरडून कामाला लावलं नव्हतं. तिनं विळा उचलला आणि मुकाट्यानं सुनेच्या मागं चालायला लागली.